आपोआप सर

आमच्या गल्लीत येऊन वानखेडे सरांचं घर विचारलंत तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. आपोआप सरांचं घर विचारा, कोणीही दारापर्यंत आणून सोडेल. सरांनी चिखलीतल्या एका शाळेत नोकरीभर जीवशास्त्र शिकवलं आणि पृथ्वीवर जीव कसा आला या प्रश्नाचं त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं. अमीबा कोणी केला? कोणीच नाही, आपोआप झाला. माशाला पाय कुठून आले? आपोआप, पण सावकाश. एकदा सहामाहीत दोन पोरांच्या पेपरांत चुकांसकट तीच उत्तरं सापडली. सरांनी विचारलं, हे कसं झालं? पोरं म्हणाली, आपोआप झालं, सर. सर आधी पोट धरून हसले आणि मग दोघांनाही वर्गाबाहेर उभं केलं.

मी त्यांची शेजारीण. एसटीत कंडक्टर आहे, त्यामुळे माणसानं आधी कुठं जायचं ते सांगावं आणि मग गप्पा माराव्या असं मला वाटतं. सर नेमके उलटे. गाडीत चढले की पहिला प्रश्न तेच विचारतात.

"ताई, ही गाडी कोणीतरी बनवली हे उघड आहे. पण तो बाहेरचा लिंब?"

"सर, कुठं जायचं?"

"तुम्ही प्रश्न टाळता."

एकदा धाडच्या बाजाराच्या दिवशी, गाडीत पाय ठेवायला जागा नसताना, सरांनी एका म्हातारीच्या टोपलीतली कोंबडी पाहून व्याख्यान सुरू केलं. कोंबडीच्या आधी अंडं, अंड्याच्याही आधी सरड्यासारखा कोणी पूर्वज. म्हातारी शांतपणे म्हणाली, "नाई बाप्पा, माही कोंबडी सरड्याची नाई. बहिनीच्या घरची हाये." गाडी हसून हसून बेजार झाली. धाडला उतरल्यावरही सर स्टँडभर त्या म्हातारीच्या मागे फिरून तिला समजावत होते.

सरांच्या बोलण्याची एक गंमत सांगते. वाद रंगात असला की ते पुस्तकातल्यासारखं बोलतात. वाद हरू लागले, किंवा काही मनाला लागलं, की आपोआप वऱ्हाडीवर येतात. त्यामुळे त्यांचं काय चाललंय हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

घरात त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या एकट्या सुमनकाकू. त्यांची बायको. देवघरात देव दाटीवाटीनं बसवलेले, आणि बरोबर त्याच्यावरच्या गच्चीत सरांचा आदिम समुद्र. म्हणजे एक काचेची मोठी बरणी, त्यात लोणारच्या तळ्याकाठचा चिखल, खारं पाणी आणि सरांनी टाकलेलं आणखी काहीबाही. कधीतरी ते त्यात बॅटरीच्या तारा सोडायचे. पृथ्वी तरुण असताना विजा कडाडायच्या, तसं म्हणे. एक दिवस त्या पाण्यात काहीतरी वळवळेल आणि ते कोणी न बनवता वळवळेल, अशी त्यांची आशा होती. खरं तर बरणी झाकलेली नव्हती, त्यामुळे तिच्यात जे काही येई ते डास असत. हे सरांनाही माहीत होतं. पण बरणी काढून टाकायला ते तयार नव्हते.

काकूंचा राग समुद्रावर नव्हता, बरणीवर होता. ती त्यांची लोणच्याची बरणी होती. "माही बरनी घेतली अन् चिखल भरला," असं त्या मला भिंतीवरून दर उन्हाळ्यात सांगायच्या. तरी दर गुरुवारी देवाची पूजा झाली की वर जाऊन त्या बरणीला कुंकवाचं बोट लावायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, हे कशाला?"

त्या म्हणाल्या, "त्यातून काई निघालंच, तं त्याले असं वाटाले नको की या घरी कोनी पाह्यलं नाई."

सर हे ऐकून कपाळाला हात लावायचे. कुंकू मात्र त्यांनी कधी पुसलं नाही.

आता काकूंच्या दह्याबद्दल. काकूंचं माहेर धाड. लग्न होऊन आल्या तेव्हा आईच्या घरचं विरजण स्टीलच्या डबीत घालून, डबी फडक्यात बांधून, गाडीत मांडीवर धरून आणली होती. तेव्हापासून ते विरजण मोडलं नव्हतं. रोजच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढायचं, त्यावर उद्याचं दही. गावाला जायचं झालं तर डबी माझ्याकडे यायची आणि सोबत सूचना यायच्या, जास्त आंबवू नको, फ्रिजात ठेवू नको, थंडी असली तर कणकेच्या डब्यात ठेव. लेकरू ठेवून गेल्यासारखं. गल्लीत कोणाचं दही बिघडलं की ती बाई वाटी घेऊन काकूंकडेच यायची. काकू सगळ्यांना द्यायच्या, फक्त दिवे लागल्यावर नाही. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर जाऊ द्यायचं नसतं, हा त्यांचा नियम. सर विचारायचे, "सूर्य मावळला की जिवाणूंची ड्युटी संपते का?" काकू म्हणायच्या, "त्याइची नाई, माही संपते."

सरांचा खरा वाद मात्र कोपऱ्यावर चालायचा. तिथं युनूसभाईंची दुधाची डेअरी आहे आणि डेअरीसमोर बाकडं. युनूसभाई मेंदी लावलेल्या दाढीचा, शांत माणूस. दूध मापताना त्यांचा हात हलत नाही आणि बोलताना आवाज चढत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की बनवणारा आहे. सर सगळी सृष्टी पाण्यातून वर काढून दाखवायचे, आणि युनूसभाई दुधाच्या कॅनचं झाकण लावत विचारायचे, "सर, ते सारं कबूल. पन मले एक सांगा. दूध तापवलं, झाकून ठेवलं, विरजन नाई लावलं. दही होते काय?"

"वेळ द्या, युनूसभाई. कोट्यवधी वर्षं द्या."

"तवरोक दूध नासते, सर."

बाकड्यावरची मंडळी यावर खूष. सर घरी येऊन प्रयोग करायचे. एकदा त्यांनी दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकले आणि सकाळी खरंच दही लागलं. वाटी दोन्ही हातांत धरून सर डेअरीवर गेले. विरजण नाही, काही नाही, हे पाहा दही. युनूसभाईंनी वाटीत पाहिलं आणि विचारलं, "मिरची कोनं बनवली?" त्यावर बाकी कोणी असता तर भांडला असता. सर मात्र खाली बसले आणि म्हणाले, "तसं नाई, मी खोटं नाई बोलनार. देठावर ते जिवाणू आधीचेच असतेत. हे दही आपोआप नाई झालं." स्वतःच्या विरुद्धचा पुरावा ते असा स्वतःच नेऊन द्यायचे. म्हणूनच त्यांचा राग येऊन येऊन शेवटी येत नाही.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. आजार नाही, दुखणं नाही. घर माणसांनी भरलं. येणारा प्रत्येक जण सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, देवानं बोलावलं, चांगल्या माणसाची त्यालाही गरज असते. सर प्रत्येकाला सांगत होते, "कोणी बोलावलं नाही. आपोआप झालं." लोकांना ते आवडलं नाही. बायको गेली तरी याचा हेका सुटत नाही, असं म्हणत माणसं पायऱ्या उतरली. युनूसभाई तेवढे ओट्यावर बसून होते, संध्याकाळपर्यंत. ते देवाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

तेरवी झाल्यावर मी सरांना रागावले. माझा स्वभाव तसा आहे, मनात ठेवता येत नाही. म्हटलं, "सर, लोक धीर द्यायला येतात. त्यांच्याशी कसला वाद घालता?"

सर ओट्यावर बसले. मग म्हणाले, "ताई, कोनी नेली म्हनलं तं त्याच्याशी भांडा लागन. काऊन नेली, मले इचारलं काऊन नाई, सारं इचारा लागन. मले आता तेवढा दम नाई. आपोआप झालं म्हनलं की बसता येते."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. इतकी वर्षं तो शब्द ऐकून मी हसले होते. त्याचा असाही उपयोग असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर सर स्वतः दही लावू लागले. ज्या माणसाला चहा करताना साखर सापडत नव्हती, तो संध्याकाळी जेवण झालं की दूध कोमट करून बोट बुडवून पाहायचा. मला भिंतीपलीकडून चमच्याचा आवाज यायचा. सकाळी एक वाटी ते भिंतीवरून माझ्याकडे द्यायचे, काकू द्यायच्या तशीच. गच्चीतल्या बरणीवरची धूळ ते फडक्यानं पुसायचे, आणि कुंकवाच्या डागापाशी आले की फडकं वळवून घ्यायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात बाकड्यावरचा वाद जरा चढला. सर खूप दिवसांनी जोरात बोलत होते आणि मला बरं वाटत होतं. युनूसभाई म्हणाले, "सर, ते मिरचीचं राहू द्या. एकदम साफ काम करा. दूध उकळा, भांडं उकळा, झाकन उकळा. काईच जितं ठेऊ नका. मंग पाहू काय होते आपोआप."

सर म्हणाले, "ठरलं. उद्याच करतो."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "ताई, जरा येता काय?" आवाज वऱ्हाडीतला होता, म्हणून मी हातातलं टाकून गेले. शेगडीवर मोठं पातेलं खळखळत होतं. सरांनी ओट्यावरच्या सगळ्या वाट्या, सगळी झाकणं, सगळ्या डब्या उचलून त्यात टाकल्या होत्या. काहीही जिवंत राहू नये म्हणून. आदल्या रात्री दूध प्रयोगासाठी राखून त्यांनी दही लावलंच नव्हतं, त्यामुळे होतं तेवढं विरजण काकूंच्या डबीत, आणि तीही त्यात गेली होती. झाकण सुटून तरंगत होतं आणि पाण्यावर पांढरे कण फिरत होते. सर गॅस बंद करायचंही विसरले होते. गाळणीनं ते कण एकेक करून वाटीत काढत होते.

"ध्यानातच नाई आलं," ते म्हणाले. "डबी सारखीच दिसते न."

मी गॅस बंद केला. त्यांनी ते कण कोमट दुधात घातले, झाकण ठेवलं आणि वाटी कणकेच्या डब्यात ठेवली. उकळल्यावर काय उरतं आणि काय उरत नाही, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. तरी ठेवली. सकाळी दूध जसंच्या तसं होतं.

मग त्यांनी मला विचारलं, "सुमननं तुमाले देलेलं असंन न थोडंसं?"

नव्हतं. सर रोज वाटीभर द्यायचे, ते मी दुपारीच संपवायची. जास्त लागलं तर मी पाकिटाचं दही आणते, माझी ड्युटीच तशी. आम्ही दोघं गल्लीतल्या घराघरांत जाऊन आलो. काकूंनी सगळ्यांना विरजण दिलं होतं, सगळ्यांना ते आठवत होतं आणि सगळ्यांच्या फ्रिजात पाकीट होतं. एक बाई तर रडायलाच लागली. सरांनी तिची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी माझ्या धाडच्या गाडीला सर चढले. मांडीवर फडक्यात बांधलेली ती डबी, रिकामी. मी जवळ गेले तर म्हणाले, "धाड." तेवढंच. बाहेर लिंब होते, चिंचा होत्या, कोणाच्या तरी टोपलीत कोंबडीही होती. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. काकूंच्या माहेरी आता फक्त भावजय आहे. तिनं म्हशी केव्हाच विकल्या, दही दुकानातून येतं. परतीच्या गाडीत सर माझ्याच सीटवर येऊन बसले.

मग म्हणाले, "ताई, फोटो हाये, साड्या हायेत, तिचा चष्मा हाये. पन जितं तेवढंच होतं. तिनं रोज हात लावलेलं. अन् ते मी उकळून टाकलं."

मी कंडक्टर बाई, लोकांसमोर रडत नाही. मी उठून पुढच्या स्टॉपची तिकिटं फाडायला गेले.

संध्याकाळी सर बाकड्यावर जाऊन बसले. गाव लहान, सगळ्यांना सगळं कळलेलं. मी दूध आणायला गेले होते. मला भीती ही होती, की आता कोणीतरी म्हणणार, काय सर, लागते न विरजण? युनूसभाई इतक्या वर्षांचा वाद जिंकले होते. पण ते काही बोलले नाहीत. बराच वेळ रिकामा कॅन पुसत राहिले. मग म्हणाले, "सर, तुमाले एक सांगाचं राहून गेलं. मागं एका हिवाळ्यात माह्यं दही जमतच नव्हतं. चार दिवस सारा माल फेकला. मंग भाभीकून वाटीभर विरजन नेलं होतं. त्यायनंच देलं. तवापासून डेअरीचं दही तेच हाये."

सर युनूसभाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"सुमनचं?"

"भाभीचंच. सारं गाव तेच खाते."

युनूसभाईंनी कोऱ्या वाटीत दही काढून पुढे केलं. सरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. डेअरीत बल्ब लागलेला होता. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"दिवे लागले, युनूसभाई," सर म्हणाले. "आता नाई नेत. सकाळी येतो."

सकाळी मी ड्युटीला निघाले तेव्हा सर डेअरीच्या बंद शटरसमोर उभे होते. अंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट आणि हातात काकूंची डबी.

त्या आठवड्यात युनूसभाई माझ्या खामगावच्या गाडीत बसले. त्यांना खामगावहून डेअरीचं सामान आणायचं असतं. गाडी जरा मोकळी होती. मी म्हटलं, "युनूसभाई, बरं झालं तुमच्याकडे विरजण होतं."

ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "ताई, एवढ्या मोठ्या धंद्यात घरचं विरजन कोन लावते? विरजनाची तयार पुडी येते. तेच आनाले चाललो." थोडं थांबून म्हणाले, "उमर झाली माही. दुधात पानी नाई टाकलं कधी, झूठ नाई बोललो. पन उकळाले मीच सांगतलं होतं न. काईच जितं ठेऊ नका म्हनलो होतो. अल्ला पाहून घेईन माह्यं काय करायचं ते."

मी त्यांचं तिकीट फाडलं. तेव्हाच ठरवलं, की हे माझ्या तोंडून सरांना कधी कळणार नाही.

एक अडचण होती. सरांकडे शाळेनं मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक आहे. खिडकीत, कापडाखाली. हा माणूस पाणी पिण्याआधी थेंब त्याच्याखाली घालणारा. तो हे दही तपासल्याशिवाय राहील, असं मला वाटत नव्हतं. दोनतीन दिवस मी भिंतीपलीकडे कान देऊन होते. मग एका सकाळी सरांनी भिंतीवरून दह्याची वाटी दिली. मागे खिडकीत सूक्ष्मदर्शकावरचं कापड तसंच होतं.

मी भीत भीत विचारलं, "सर, पाहिलं नाही का त्याच्याखाली?"

"नाही," सर म्हणाले. "पाहायची गरज नाही. हे सुमनचं नाही."

मी वाटी भिंतीवरच टेकवली.

"ताई, सुमननं युनूसभाईले विरजन देलं असतं, तं मले सांगतल्याशिवाय राह्यली असती काय? जलमभर ऐकवलं असतं तिनं. तुमच्या वादवाल्याची डेअरी माह्या चमच्यावर चालते, म्हनली असती." त्यांना जरा हसू आलं, आणि ते हसू फार वेळ टिकलं नाही. "चवबी तिची नाई. पुडीचं हाये. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग रोज लावता कशाला, सर?"

सरांनी डबीचं झाकण घट्ट केलं, उगाचच. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही.

"हे आपोआप नाई झालं न, ताई," ते म्हणाले. "हे युनूसभाईनं केलं. माह्यासाठी इचार करून केलं. ते कसं मोडू देऊ?"

मग जिन्याकडे वळले, गच्चीवर जायला. दोन पायऱ्या चढून थांबले.

"त्याले सांगू नका मातर," म्हणाले. "वाद जिंकलो म्हनन."